तो चमत्कार नव्हता

हरत्या संघाच्या रिंकमध्ये एक आवाज येतो. शेवटची सात-आठ मिनिटं उरलेली असतात, पाहुणे तीन गोलांनी पुढे असतात, आणि कुठेतरी कुणीतरी जॅकेटची चेन वर ओढतं. मग दुसरी. मग त्याच ओळीतल्या आणखी चार. स्टिक बर्फाला घासल्याचा, अंग बोर्डावर आदळल्याचा, पक नावाची रबरी चकती गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पॅडवर बसल्याचा, हे सगळे आवाज चालूच असतात, पण मला ऐकू येतात त्या चेनी. २०१९-२० च्या हिवाळ्यात मी तो आवाज इतक्यांदा ऐकला, की घरी स्वतःच्या कोटाची चेन लावतानासुद्धा पोटात कालवायचं.

आमचा संघ युनियन कॉलेजचा, आइस हॉकीचा. गाव स्केनेक्टडी, न्यूयॉर्क राज्यातलं, मोहॉक नदीकाठचं. त्या मोसमात आमची पोरं आठ सामने जिंकली, पंचवीस हरली, चार बरोबरीत सुटले. अवघ्या सहा वर्षांपूर्वी हाच संघ अख्ख्या अमेरिकेचा कॉलेज विजेता होता.

मी खडकीचा. खडकीत वाढलेल्या माणसाला हॉकी म्हटलं की बर्फ आठवत नाही. मुरमाचं मैदान आठवतं, सुजलेले घोटे आठवतात. अण्णा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, आणि धनराज पिल्ले आमच्याच खडकीचा, त्यामुळे आमच्या घरात क्रिकेटपेक्षा हॉकीचंच बोलणं जास्त. १९७५ ची क्वालालंपूरची फायनल अण्णांनी रेडिओवर ऐकलेली. पाकिस्तानवर २-१. अशोककुमारचा तो गोल ते जेवताना ताटातल्या भातावर बोटाने रेघ मारून दाखवायचे, आणि आई म्हणायची, "आता खा तो गोल."

टर्बाइनच्या कामासाठी २०१० मध्ये मी इकडे आलो. दुपारी साडेचारला अंधार पडणारा पहिला हिवाळा, मुलगी दोन वर्षांची, ओळखीचं कुणी नाही. कामावरच्या एकाने दोन तिकिटं हातात ठेवली आणि म्हणाला, जाऊन बघ. मेसा रिंक म्हणजे काही भव्य स्टेडियम नव्हे. दोन-सव्वादोन हजार माणसांत भरून जाणारी जागा, इतकी जवळ की काचेवर माणूस आदळला की आपल्या गुडघ्यांना जाणवतं. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते, चाळीस वर्षं टर्बाइनच्या शॉपमध्ये काढलेले. त्यांनी मला आइसिंग म्हणजे काय, पॉवर प्लेमध्ये पाच जण कसे पसरतात, गोली कोन कसा कापतो, हे सगळं समजावलं. पुढची दहा वर्षं आम्ही शेजारीशेजारी बसलो.

हे कॉलेज किती लहान आहे ते सांगायला हवं. विद्यार्थी बावीसशेच्या आसपास. बाकी सगळे खेळ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, हॉकी तेवढी पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, डिव्हिजनमध्ये, तीही १९९१ पासून. मोठी विद्यापीठं हॉकीच्या संघाला अठरा पूर्ण स्कॉलरशिप देऊ शकत. युनियन एकही नाही. खेळतोस म्हणून फी माफ, असा प्रकारच नव्हता. पहिली वीस वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही पोचला नव्हता.

मग हे कसं घडलं? मला इथे थोडं थांबायचंय, कारण हाच भाग लोक चटकन विसरले.

नेट लीमन २००३ मध्ये प्रशिक्षक झाले. नावाजलेली पोरं सतराव्या-अठराव्या वर्षीच मोठ्या विद्यापीठांशी बांधली जात, तिथे हात घालून उपयोग नव्हता. म्हणून युनियनने नजर वळवली ती उरलेल्यांकडे. कुणी बुटका म्हणून नाकारलेला, कुणी उशिरा अंगाने भरलेला, कुणी ज्युनिअर लीगमध्ये दोन-दोन वर्षं झिजून विशीत पहिल्या वर्गात येणारा. असा मुलगा कॉलेजात पाऊल ठेवतो तेव्हा पोरगा नसतो, गडी असतो. चार वर्षं तो एकाच पद्धतीने खेळतो, आणि शेवटच्या वर्षी त्याला शेजारचा कुठे असेल ते बघावं लागत नाही. शेन गोस्टिसबेअर तर फ्लोरिडातला, जिथे बर्फ पेल्यात असतो. अंगाने किरकोळ, पण निळ्या रेषेवरून पक घेऊन निघाला की समोरचे दोघं एकाच बाजूला झुकायचे आणि हा दुसऱ्या बाजूने गेलेला असायचा.

२०११ मध्ये संघ पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेला, आणि त्याच वर्षी लीमन प्रॉव्हिडन्स कॉलेजला गेले. त्यांचे सहायक रिक बेनेट यांच्या हाती संघ आला. २०१२, २०१३, २०१४, ओळीने तीन वर्षं ईसीएसीचं, म्हणजे आमच्या गटाच्या लीगचं, विजेतेपद. २०१२ मध्ये शेवटच्या चारांत. २०१४ मध्ये शेवटच्या चारांत जायचं तर वाटेत उभं कोण? लीमन यांचाच प्रॉव्हिडन्स. ३-१ ने ती भिंत ओलांडली. उपान्त्य फेरीत बॉस्टन कॉलेज, ५-४, डॅनियल चँपिनीचे तीन गोल. आणि १२ एप्रिल २०१४ ला फिलाडेल्फियात फायनल, समोर मिनेसोटा विद्यापीठ. पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थी, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, आणि हॉकी हाच जिथला धर्म, असं राज्य.

मी घरी, सोफ्याच्या कडेवर. पहिला गोल त्यांनी केला. मग गोस्टिसबेअरने बरोबरी केली, आणि थोड्या वेळाने आमच्या पोरांनी दोन मिनिटांच्या आत तीन गोल घातले. मी उभा राहिलो तो शेवटपर्यंत बसलोच नाही. ७-४. गोस्टिसबेअर बर्फावर असताना युनियनने खाल्ले त्यापेक्षा सात गोल जास्त केले होते. सात! फायनलमध्ये, मिनेसोटाविरुद्ध.

खडकीत रविवारची सकाळ होती. अण्णांचा दुसरा चहा चाललेला.

"अण्णा, जिंकले आमचे!"

"आमचे म्हणजे कोण रे?"

"युनियन. इथलं कॉलेज. देशात पहिले आले."

"कॉलेजची पोरं. म्हणजे पगार नाही?"

"पगार नाही, स्कॉलरशिपसुद्धा नाही."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "मग जपा त्यांना. असा संघ सारखा सारखा जमत नाही."

गावात दुसऱ्या दिवसापासून एकच शब्द. चमत्कार. पाव घ्यायला गेलो तरी, दात दाखवायला गेलो तरी. मलाही तेव्हा तो गोड वाटला. आपल्या माणसांचं कौतुक होतंय, शब्द कुठला वापरला याच्याशी काय करायचंय, असं वाटलं. पुढच्या काही वर्षांत मात्र मला त्या शब्दाचा राग येत गेला, आणि आज मी ठामपणे सांगतो, आमच्या संघाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या एका शब्दाने केलं.

माझं काम रोटरचं, टर्बाइनच्या फिरत्या भागाचं. मिनिटाला ३६०० फेऱ्या घेणारा, कित्येक टन वजनाचा रोटर कंप न पावता फिरतो, तेव्हा शॉपमध्ये कुणी हात जोडत नाही. रोटरच्या लांबीवर कुठे, किती अंशावर, किती ग्रॅम वजन लावलं त्याची नोंद असते. पुढचा रोटर आला की ती नोंद उघडायची. चमत्काराची नोंद कुणी ठेवत नाही. चमत्कार एकदा होतो, त्याची आठवण काढायची असते आणि गप्प बसायचं असतं.

आम्ही तेच केलं. गोस्टिसबेअर त्याच एप्रिलमध्ये व्यावसायिक हॉकीत गेला. त्याला मी कधीच दोष दिला नाही, कुठल्याही बापाने आपल्या मुलाला जा असंच म्हटलं असतं. त्याच्याआधी किंकेड, वेल्श, ग्रोसेनिक असेच एकेका वर्षी कॉलेज पुरं न करता गेले होते, आणि तरीही संघ वर चढत गेला होता, कारण मागची रांग तयार होती. २०१४ नंतर मागे बघितलं तर रांग विरळ. कप्तान मॅट बोडी आणि त्याच्याबरोबरचे थोरले एकदम बाहेर पडले. विजेता संघ पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत नव्हता. आणि २०१५ चं विजेतेपद कुणी घेतलं? प्रॉव्हिडन्सने. लीमन यांच्या प्रॉव्हिडन्सने, बॉस्टन युनिव्हर्सिटीला ४-३ ने हरवून.

त्या रात्री मी शेजारच्या म्हाताऱ्यांना फोन केला. आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. ज्या माणसाने आमच्याकडे घडी बसवली त्याने दुसरीकडे जाऊन ती पुन्हा बसवून दाखवली, लागोपाठच्या वर्षी. याहून स्पष्ट पुरावा काय हवा, की ही शिकता येणारी, शिकवता येणारी, पुन्हा करता येणारी गोष्ट होती? पण गावात कुणी तसं म्हटलं नाही. गाव म्हणालं, बघा, आमच्याच माणसाने जिंकलं.

मधे एक वर्ष आशेचं आलं. २०१६-१७. पंचवीस विजय, माइक वेकिओनी आणि स्पेन्सर फू यांची जोडी अशी, की दोघं एकत्र बर्फावर उतरले की रिंकमधली कुजबुज थांबायची. राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली आणि पहिल्याच सामन्यात पेन स्टेटने आम्हांला १०-३ ने धुतलं. दहा. मी टीव्ही बंद केला नाही. मुलगी नऊ वर्षांची, माझ्या शेजारी पाय पोटाशी घेऊन बसलेली. तिने आठव्या गोलनंतर विचारलं, "बाबा, गोलीला रडू येत असेल का?" त्या उन्हाळ्यात वेकिओनी पदवी घेऊन गेला, फू एक वर्ष आधीच गेला.

हरण्याचं मला वाईट वाटतं, राग येत नाही. खडकीच्या माणसाला हॉकीत हरणं नवीन नाही. राग येतो तो हरल्यानंतरच्या वाक्यांचा. "एवढंसं कॉलेज, आणखी काय अपेक्षा करणार?" अहो, २०११ मध्येही एवढंसंच होतं. "मोठ्यांनी आता आपलीच युक्ती उचललीय, थोराड पोरं घ्यायला लागलेत." खरंय, उचलली. मग आपण नवी काय शोधली? आणि तिसरं वाक्य, जे मला सगळ्यात जास्त लागतं: "२०१४ तर आपल्याकडून कुणी हिरावून घेत नाही ना." हे वाक्य लोक प्रेमाने बोलतात. पण बर्फावर त्या क्षणी एकोणीस-वीस वर्षांची पोरं जीव तोडून खेळत असतात, ज्यांचा २०१४ शी काडीचा संबंध नाही. प्रेक्षक त्यांच्याकडे बघतच नाहीत, छताखालच्या त्या विजेतेपदाच्या बॅनरकडे बघतात. त्या पोरांना ते कळत नसेल?

या गावाला ती सवय आहे, हेही मला हळूहळू कळलं. एडिसनने १८८६ मध्ये आपला कारखाना इथे आणला. जनरल इलेक्ट्रिक इथली. विजेच्या शास्त्रातला महापुरुष स्टाइनमेट्स इथेच राहायचा आणि याच युनियन कॉलेजात शिकवायचा. दुसऱ्या महायुद्धात चाळीस हजारांच्या आसपास माणसं त्या कारखान्यात कामाला होती. आज त्यातले काही हजार उरले. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याशी बोला, पाचव्या वाक्याला तो भूतकाळात जातो. मी त्यांना हसत नाही. त्यांनी खरोखर जग उजळलेलं आहे. पण जी माणसं एकदा सगळ्यात वर होती, त्यांना वर असण्याची आठवण पुरते, याची मला भीती वाटते.

आणि ही भीती मी खडकीहून घेऊन आलोय. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली आणि भारत सातवा आला. अण्णांच्या पिढीने एक वाक्य पकडलं, "टर्फने मारलं आपल्याला." लहानपणी मी ते वाक्य श्लोकासारखं ऐकलं. मोठा झाल्यावर एकदा विचारलं, "अण्णा, पाकिस्तानकडे तरी कुठे टर्फ ओसंडून वाहत होतं? ते ८४ ला लॉस एंजेलिसला सोनं घेऊन गेलेच ना? ९४ चा वर्ल्ड कपही नेला." अण्णा चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. २००० मध्ये सिडनीत पोलंडने अगदी शेवटच्या मिनिटांत बरोबरी केली आणि आपली उपान्त्य फेरी हुकली, तेव्हा धनराजचा चेहरा बघून ते उठून बाहेर जाऊन बसले. २००८ ला तर आपण ऑलिंपिकला पात्रही ठरलो नाही. त्या दिवशी त्यांनी टर्फचं नाव काढलं नाही. म्हणाले, "आपणच झोपलो रे."

तेवढं एक वाक्य मी या गावात दहा वर्षं शोधत होतो. आपणच झोपलो. ते म्हटलं की निदान जागं तरी होता येतं.

शेजारचे म्हातारे ते म्हणायचे. कुणी चमत्कार म्हटलं की त्यांचा जबडा घट्ट व्हायचा. २०१९-२० मध्ये ते काठी घेऊन यायचे, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबायचे, आणि सामना संपेपर्यंत हलायचे नाहीत. "मी अर्धं काम टाकून कधी शॉपमधून निघालो नाही," एवढंच म्हणायचे. मग करोना आला. युनियनने २०२०-२१ चा मोसम खेळलाच नाही. रिंक पुन्हा उघडलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती कायमची.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोला आपण जर्मनीला ५-४ ने हरवलं. एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचं पदक, श्रीजेशने शेवटच्या सहा-सात सेकंदांत पेनल्टी कॉर्नर अडवलेला. अण्णांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उलटा धरला, मला नुसतं छत दिसत होतं आणि त्यांचं रडणं ऐकू येत होतं. लोक तेव्हाही चमत्कार म्हणायला लागले होते. अण्णाच म्हणाले, "चमत्कार कसला? ओडिशाने पैसा घातला, पोरं वर्षानुवर्षं एकत्र राहिली, घाम गाळला." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

इकडेही पुढे काही हललं, हे सांगायलाच हवं. २०२२ मध्ये नियम बदलला आणि युनियनला हॉकीसाठी स्कॉलरशिप देता येऊ लागल्या. त्याच वर्षी बेनेट गेले, जॉश हॉग आले. २०२३ मध्ये संघाचं नाव डचमेनचं गार्नेट चार्जर्स झालं. नाव बदललं म्हणून काही जुने प्रेक्षक रुसले, मला त्याचं काहीच वाटलं नाही. नदीकाठी मोहॉक हार्बरला नवं रिंक उभं राहायला लागलं. आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जातात, कॅनडातल्या ज्युनिअर लीगच्या पोरांनाही दार उघडलंय. लहान कॉलेजाला हे दिवस अधिक अवघड. पण कुणीतरी पुन्हा वही उघडलीय एवढं मला दिसतं.

२०२४-२५ हा मेसा रिंकवरचा शेवटचा मोसम. त्यातल्या एका शनिवारी मुलगी आणि मी जुन्याच जागांवर बसलो होतो. ती आता माझ्याहून अर्धा इंच उंच, पुढच्या वर्षीच्या कॉलेजांचे अर्ज भरलेले. मधल्या वेळात बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी रिंकवरून फिरत होती, मागे ओली चकचकीत पट्टी सोडत. मी सवयीने २०१४ काढलं. ते दोन मिनिटांतले तीन गोल, सोफ्यावरून मी तिला कसं उचललं होतं.

"बाबा, मला ते आठवतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगता म्हणून माहितीये."

मला धक्काच बसला. ती सहा वर्षांची होती, आठवणारच असं मी धरून चाललो होतो.

"मग काय आठवतं तुला?"

"ते हरायचे ना, त्या वर्षीचं. सगळे निघून गेलेले असायचे. आपण आणि आजोबा." म्हाताऱ्या गृहस्थांना ती आजोबाच म्हणायची. "हरल्यावर खेळाडू मधे येऊन स्टिक वर करायचे. माणसंच एवढी कमी असायची, की मला वाटायचं ते मलाच हात करतायत. मी घरी येऊन आरशासमोर झाडूने तसं करायचे." मग तिने त्या संघातल्या चौथ्या लाइनच्या, म्हणजे सगळ्यात कमी वेळ खेळणाऱ्या, तिघांची नावं सांगितली. मला त्यातलं एकच आठवत होतं.

तिसरा पिरियड सुरू झाला. आमचे दोन गोलांनी मागे. मी बर्फाकडे बघत होतो, पण डोक्यात तिचंच बोलणं घोळत होतं. त्या आठ विजयांच्या वर्षात मी शनिवारमागून शनिवार त्या खुर्चीत बसलो, आणि बघत काय होतो? बॅनरच. पोरं माझ्यासमोर स्टिक वर करत होती, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीने ते घेतलं, मी घेतलं नाही.

थंडी वाजत होती. रस्त्यावर बर्फ पडायला लागलंय असं मागून कुणीतरी म्हणालं. माझा हात आपोआप कोटाकडे गेला, चेन छातीपर्यंत आली होती, आणि तो आवाज मला माझ्याच अंगावरून ऐकू आला.

तिने बर्फावरची नजर काढली नाही. माझ्या बाहीवर हात ठेवला.

"बाबा, अजून चार मिनिटं आहेत."